प्रश्न वाचकांचे : काठीची सावली, लघुग्रह आणि अवकाशस्थानकाशी दहा मिनिटे

अवकाशविज्ञान शाळेत कसे शिकवावे आणि शिकावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : साधने नाहीत, तेव्हा मुलांच्या हाती द्यायचे काय? म्हणून पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्याकडे दुर्बीण नाही आणि नजीकच्या काळात ती मिळण्याची शक्यताही नाही. अवकाशाचा धडा चित्रफिती दाखवून संपतो, याची रुखरुख लागून राहते. मुलांकडून प्रत्यक्ष काही करून घेता येईल का?

उत्तर : जरूर येईल, आणि त्यासाठी दुर्बिणीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ काढला, तेव्हा सावली, दोन नगरांमधले अंतर आणि भूमिती एवढेच त्याचे भांडवल होते. इजिप्तमधल्या सायीन या नगरात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येत असे. त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात मात्र तो माथ्यापासून ७.२ अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, कललेला असे. त्या अर्थी दोन नगरांमधल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ.

हा प्रयोग दोन शाळांनी मिळून करावा. एक शाळा दुसरीच्या उत्तरेला काहीशे किलोमीटरवर असली म्हणजे झाले. दोन्ही शाळा नेमक्या एकाच रेखावृत्तावर नसल्या तरी चालते, कारण प्रत्येक शाळा आपापल्या माध्यान्हीला मोजमाप घेते आणि गणितात फक्त दक्षिणोत्तर अंतर धरायचे असते. समजा, हे अंतर ५५५ किलोमीटर आहे. १ मीटर उंचीच्या काठीची सर्वांत आखूड सावली एका शाळेत ३६.४ सेंटिमीटर आणि त्याच दिवशी दुसऱ्या शाळेत ४६.६ सेंटिमीटर भरली, तर सूर्य माथ्यापासून अनुक्रमे २० आणि २५ अंश कललेला आहे. फरक ५ अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा बहात्तरावा भाग. ५५५ गुणिले ७२ केले की ३९,९६० किलोमीटर येतात आणि पृथ्वीचा खरा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे.

फळ्यावर हे सोपे दिसते. मोजायला बसल्यावर मात्र कस लागतो, आणि मला या प्रयोगाचे मोल वाटते ते तिथेच. काठी सरळ उभी आहे की नाही, हे ओळंबा लावून पाहावे लागते. माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होते असे नाही, म्हणून दुपारी तासभर दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवून त्यांतली सर्वांत आखूड सावली शोधावी लागते. त्यातच मुले जमिनीजवळ वाकून पाहू लागली की त्यांच्या लक्षात येते, सावलीला नेमके टोक असे नाहीच! सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे सावलीच्या टोकाशी सुमारे एक सेंटिमीटरचा पुसट पट्टा राहतो. एक मुलगी पट्ट्याच्या आतल्या कडेपाशी पट्टी धरते, दुसरी मधोमध धरते आणि दोघींच्या मापांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. वरच्या उदाहरणात एवढ्याशा फरकाने कोन पाव अंशाने बदलतो आणि परीघ सुमारे २,००० किलोमीटरने हुकतो. हे वर्गात सांगून टाकू नये, मुलांना हिशेब करून पाहू द्यावा. मग काठीच्या टोकाला बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवावा. जमिनीवर पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा एक वाटोळा ठिपका पडतो, आणि त्याचा मध्य पुसट कडेपेक्षा कितीतरी नेमका सापडतो. उंची अर्थातच छिद्रापर्यंतची धरावी. तो ठिपका ही सूर्याची प्रतिमा आहे, हे मुलांना कळते तेव्हाचे त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही ताकीद प्रत्येक वेळी नव्याने द्यावी. आणि कोणत्याही गटाची नोंद चुकीची ठरली म्हणून खोडू नये. ती वहीत तशीच ठेवून तिच्याखाली चुकीचे कारण लिहावे.

प्रश्न : माझ्या मुलीने लघुग्रह शोधण्याच्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात भाग घेतला आणि तिला प्रमाणपत्र मिळाले. तिने खरोखर लघुग्रह शोधला असे म्हणता येईल का? अशा उपक्रमांना किती महत्त्व द्यावे?

उत्तर : उपक्रम खरा आहे आणि तिचे कामही खरे आहे, परंतु प्रमाणपत्रावरचे शब्द जपून वाचायला हवेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल ॲस्ट्रोनॉमिकल सर्च कोलॅबरेशन या उपक्रमात विद्यार्थ्यांना हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणींनी घेतलेल्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या साधारण चार प्रतिमा एकामागून एक दाखवल्या की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रहाचा ठिपका सरळ रेषेत पुढे सरकतो. कॅमेऱ्याच्या दोषाने उमटलेले खोटे ठिपकेही अधूनमधून सरकल्यासारखे वाटतात. ठिपका प्रत्येक प्रतिमेत सारख्याच अंतराने सरकतो का, त्याची तेजस्विता टिकते का, हे तपासून खरे-खोटे ठरवणे हेच विद्यार्थ्याचे काम असते.

यातून हाती येते ती प्राथमिक नोंद. पुढे इतर रात्रींच्या निरीक्षणांनी तिला दुजोरा मिळाला, तर त्या वस्तूला तात्पुरता क्रमांक मिळतो. तिची कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला बहुधा अनेक वर्षे जातात आणि नाव देण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणून मुलीने ‘लघुग्रह शोधला’ असे लगेच जाहीर करण्याऐवजी ‘लघुग्रहाची प्राथमिक नोंद केली’ असे म्हणावे. त्यात कमीपणा काहीच नाही, व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही हीच पायरी चढून पुढे जातात.

सामान्य माणसाच्या नजरेतून नवे काही सापडत नाही, असे मात्र समजू नका. दीर्घिकांचे आकार ओळखण्याचे काम लोकांवर सोपवणारा गॅलक्सी झू हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र रंगाचा डाग दिसला. तिने तो सोडून न देता ‘हे काय आहे?’ असे विचारले. तो दीर्घिकेएवढा प्रचंड वायुमेघ निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी बाहेर पडलेल्या प्रखर प्रारणाने तो उजळला होता. ते केंद्र पुढे मंदावले, तरी मेघ उजळलेलाच दिसत राहिला. त्याला आज ‘हॅनीज व्होरवेर्प’ म्हणतात, आणि व्होरवेर्प या डच शब्दाचा अर्थ नुसता ‘वस्तू’ असा आहे. मुलीला असे काम आवडत असेल तर तिने झूनिव्हर्स या संकेतस्थळावरचे प्रकल्प अवश्य पाहावेत. तेथेही शुल्क नाही.

पैसे घेऊन ताऱ्याला तुमच्या मुलाचे नाव देतो, असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. खगोलीय वस्तूंची अधिकृत नावे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या कक्षेत ठरतात आणि तो नावे विकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वर्षाचे कित्येक महिने आकाश ढगाळ असते आणि उरलेल्या दिवसांत शहराच्या दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत. आम्ही काय करावे?

उत्तर : या दोन्ही अडचणींचेच निरीक्षण करावे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ग्लोब या उपक्रमात शंभराहून अधिक देशांतल्या शाळा सहभागी आहेत. मुले ढगांचा प्रकार, आकाशाचा किती भाग झाकला आहे आणि वेळ यांची नोंद पाठवतात, आणि त्या सुमारास वरून गेलेल्या उपग्रहाच्या नोंदीशी ती ताडून पाहिली जाते. उपग्रह ढगांकडे वरून पाहतो. वरचा थर दाट असेल तर त्याखाली काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि अंगणात उभ्या असलेल्या मुलाला नेमके तेच दिसते. शहराच्या दिव्यांसाठी २००६ पासून चालत आलेला ग्लोब ॲट नाइट हा उपक्रम आहे. त्यात ठरलेल्या तारकासमूहातले किती मंद तारे दिसतात, हे नकाशांशी ताडून कळवायचे असते.

प्रश्न : अवकाशस्थानकातील अंतराळवीरांशी शाळेतली मुले थेट बोलू शकतात, असे ऐकले. हे खरे आहे का? त्यासाठी कशी तयारी करावी लागते?

उत्तर : खरे आहे. अंतराळातून हौशी रेडिओवर पहिले संभाषण ओवेन गॅरियट यांनी १९८३ मध्ये स्पेस शटलमधून केले, आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातून शाळांशी संवाद २००० च्या डिसेंबरपासून सुरू आहेत. आरिस या नावाने चालणाऱ्या या उपक्रमासाठी शाळेने शैक्षणिक योजनेसह अर्ज करायचा असतो, आणि निवड झाल्यावरही तयारीला बरेच महिने लागतात. बोलण्यासाठी परवानाधारक हौशी रेडिओचालकांची मदत घ्यावी लागते. ते जवळपास नसतील, तर दुसऱ्या देशातल्या भूस्थानकामार्फत दूरध्वनीने जोडणी करून देता येते.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाते, त्यामुळे एका ठिकाणच्या क्षितिजावर उगवून मावळायला त्याला फार तर दहा मिनिटे लागतात. एवढ्या वेळात पंधरा-वीस प्रश्न होतात. मुलांनी रांगेत उभे राहून प्रश्न विचारायचा, ‘ओव्हर’ म्हणायचे आणि पुढच्यासाठी जागा सोडायची, याची घड्याळ लावून तालीम घ्यावी. प्रश्न निवडताना माझा आग्रह असा आहे की, पुस्तकात उत्तर सापडेल असा प्रश्न विचारण्यात ती दहा मिनिटे घालवू नयेत. ‘तुम्ही झोपता कसे?’ यापेक्षा ‘आज तुमचा कोणता प्रयोग फसला?’ हा प्रश्न किती तरी सरस आहे.

निवड झाली नाही तरी ऐकता येतेच. स्थानकातून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रेही ध्वनीच्या रूपात प्रक्षेपित होतात. साध्या रेडिओ-ग्राहकावर तो किणकिणता आवाज पकडून मोबाइलमधल्या ॲपला ऐकवला की सुमारे दोन मिनिटांत ओळीमागून ओळ उमटत पूर्ण चित्र तयार होते.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे. ऑलिंपियाडची परीक्षा देणे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक नाही, पण तयारी उपयोगी पडते. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २००७ पासून भरते आणि त्यात सैद्धांतिक प्रश्नांबरोबर विदेचे (डेटाचे) विश्लेषण आणि प्रत्यक्ष आकाशनिरीक्षण यांचीही परीक्षा असते. तू गणित मनापासून कर, संगणकाची एखादी भाषा शीक आणि आजपासून चंद्राची वही ठेव. चंद्र दिसेल त्या दिवशी ठरलेल्या वेळी तो कोणत्या ताऱ्यापासून किती दूर आहे, ते मोजून लिही. हात ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. चंद्र ताऱ्यांमधून रोज एका मुठीहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकतो, हे स्वतःच्या नोंदींतून सिद्ध करून दाखव आणि मला पुन्हा पत्र लिही.

प्रश्न : मी शिक्षक आहे, पण माझे स्वतःचे शिक्षण खगोलशास्त्रातले नाही. मुलांनी अवघड प्रश्न विचारले की मी गडबडतो. शिक्षकांसाठी काही प्रशिक्षण आहे का?

उत्तर : आहे. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात सुरू झालेला गॅलिलिओ शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम खास शिक्षकांसाठीच आहे. ॲस्ट्रोएज्यू या संग्रहातल्या कृती शिक्षक आणि खगोलशास्त्रज्ञ अशा दोघांनीही तपासलेल्या असतात, त्यामुळे तयारीला वेळ कमी असेल तेव्हा तिथून निर्धास्तपणे घ्याव्यात.

शिक्षकी पेशा आणि अवकाश यांचे नाते जुने आहे. क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका अंतराळातून धडे घेणार होत्या, परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत त्यांचा अंत झाला. त्यांच्या राखीव म्हणून निवडलेल्या शिक्षिका बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अंतराळात गेल्या. मॅकऑलिफ यांच्या राहून गेलेल्या धड्यांपैकी काही धडे, पूर्वी शिक्षक असलेल्या जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड या अंतराळवीरांनी २०१८ मध्ये अवकाशस्थानकात करून दाखवले. त्यांच्या चित्रफिती वर्गात जरूर दाखवाव्यात.

आपण पत्रात नमूद केलेला मुलांचा प्रश्न असा आहे : अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून तिथे माणसे तरंगतात ना? नाही. स्थानकाच्या उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात, आणि आडव्या वेगामुळे ती पृथ्वीला चुकवून सतत वळत राहतात. हे समजवायला प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ छिद्र पाडा, छिद्रावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरा आणि झाकण न लावता उंच धरा. बोट काढले की धार लागते. आता बाटली हातातून सोडली तर पडताना धारेचे काय होईल, हे प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या गोळा झाल्यावरच बाटली सोडा. बाटली सुटताच धार थांबते, कारण पाणी आणि बाटली सारख्याच वेगाने पडू लागतात. मुले पुन्हा एकदा दाखवा म्हणतील, म्हणून पाण्याची बादली आणि दोन-तीन जादा बाटल्या जवळ ठेवाव्यात.