वाचकांचे प्रश्न: माशाचं तेल घरी काढताना

प्रश्न: तारलीची डोकी आणि पोटातला भाग तासभर खळखळ उकळला, पण वर तेलाऐवजी दुधाळ गढूळ थर आला, आणि वास तर विचारूच नका! काय चुकलं? हे तेल कॅप्सूलसारखं घेता येईल का?

उत्तर: खळखळ उकळलंत तिथंच गडबड झाली, त्यानं तेल आणि पाणी घुसळून एकजीव होतं. मासा ताजाच हवा, बारीक तुकडे करा, बुडेल एवढंच पाणी आणि गॅस इतका मंद की कडेला एखादाच बुडबुडा यावा, अर्ध्या तासात मांस सुटतं, मग फडक्यातून दाबून गाळा आणि भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे पिवळसर तेल वर येतं, ते चमच्यानं अलगद काढायचं. पाण्याचा थेंबही नको. कमी चरबीचा मासा घेतलात तर हाती काहीच लागणार नाही, कॉड या कमी चरबीच्या समुद्री माशाचं तेलसुद्धा लिव्हरमधूनच काढतात.

औषध म्हणून मात्र घेऊ नका, कारखान्यात होतं तसं शुद्धीकरण घरी होत नाही. ओमेगा-3, म्हणजे या तेलातली खास चरबी, हवेनं, उजेडानं पटकन खवट होते, म्हणून गडद बाटली, काठोकाठ भरलेली. लाकडी दांड्याला, चामड्याला चोळायला मस्त, फक्त मांजर मागे लागेल.