त्या सकाळच्या फोनचं काय?

प्रश्न: ताई, मी एकतीस वर्षांची, ऑटिस्टिक. लेस्टरमध्ये एकटी राहते, नोकरी करते. बाबा रिटायर झाल्यावर आईबाबा पुण्याला परतले. मागे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटसाठी (पिप, म्हणजे अपंगत्व असलेल्यांना ब्रिटन सरकार देतं तो भत्ता) अर्ज केला होता. फोनवरच्या मुलाखतीत सगळं नीट सांगितलं, तरी चारच गुण मिळाले. आठ लागतात. आता पुन्हा अर्ज केलाय, तीन आठवड्यांनी मुलाखत. दारात खाकी सरकारी पाकीट पडलं तरी पोटात ढवळतं, झोप उडालीय. तशी मी माझं सगळं स्वतः करते, आई तर सगळ्यांना कौतुकाने सांगते. सकाळी मी घराबाहेर पडेपर्यंत तिचा व्हिडिओ कॉल असतो, तेवढंच. गणपतीत ती कोकणात गेली, तिथे रेंज नाही, तेव्हा माझी तब्येत बिघडली आणि मी कामावर गेले नाही. एरवी ठीक. ही भीती कशी घालवू? नीट बोलते म्हणून त्यांना माझं खरं वाटत नाही का?

उत्तर: भीतीचं नंतर बघू. आधी मला सांग, "तेवढंच" म्हणून एका ओळीत उरकलेल्या त्या कॉलवर चालतं काय?

माझा अंदाज सांगते. तुझ्याकडे सात वाजलेत, पुण्यात आईचा कुकर लागलाय. ती तुला उठवते. "जा आंघोळीला," पुन्हा "गेलीस का?", आणि तू बाहेर येईपर्यंत फोन उशीला टेकवलेला. मग "तो स्वेटर नको, टोचतो म्हणून दुपारी काढशील." मग "दूध संपव, त्याशिवाय ठेवत नाही." चुकत असेन तर कळव. पण रेंज गेल्याबरोबर तुझी तब्येतही गेली, तेव्हा फार चुकत नसावी. त्या दिवसांत आंघोळ केलीस का, पोटात काय गेलं, हे तू लिहिलेलं नाहीस.

अगं, ते लोक नेमकं हेच तर विचारत होते! दुसऱ्या माणसाने आठवण करून देणं, मागे लागणं, समजावणं याला पिपच्या नियमांत प्रॉम्प्टिंग म्हणतात आणि त्याला गुण आहेत. सतत शेजारी हजर असण्याची अट 'देखरेख' या वेगळ्या मदतीला आहे, याला नाही. मागे लागल्याशिवाय आंघोळ होत नसेल तर दोन गुण. कपड्यांचं तसंच असेल तर दोन. कुणी पाठी लागल्याशिवाय खाणं होत नसेल तर चार. बेरीज तूच कर. द्यायचे की नाही ते तेच ठरवणार, पण तू सांगितलंच नाहीस तर ठरवणार काय, कपाळ?

त्यांनी विचारलं असणार, आंघोळ करता येते का? तू म्हणालीस, हो. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. नियम मात्र म्हणतो की ते काम सुरक्षितपणे, धड, हवं तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमायला हवं. शिवाय निम्म्याहून जास्त दिवसांचा हिशोब धरतात. आणि नीट बोलतेस म्हणूनच तर तुझं "हो" त्यांना खरं वाटतं.

आता आई. इतक्या लांबून बिचारी किती करते, असं मी म्हणणार नाही. करते, मान्य. पण लेक परदेशात एकटी सगळं करते हे चारचौघांत मिरवण्याच्या नादात, रोज सकाळी आपण काय करतो हे तिने कुणाला कळू दिलं नाही. तुलासुद्धा.

तेव्हा उद्याच्याच कॉलला तिला वही-पेन घेऊन बसव. आठवडाभर ती काय सांगते, कितीदा सांगते आणि किती वेळाने तू उठतेस, सगळं तिने लिहायचं. मराठीतच लिहू दे, इंग्रजी तू कर. त्याखाली गणपतीतले दिवस तू लिही, अगदी बिस्किटांवर काढले असलेस तरी. कागद मुलाखतीआधी पाठव आणि मुलाखतीत समोर ठेवून वाच. पाठ करून बोलायला जाऊ नकोस, पुन्हा "हो, जमतं" वर येशील. सोबतीला कुणाला तरी कॉलवर घेता येतं. आईला घेऊ नकोस, "माझी मुलगी फार हुशार आहे हो" म्हणत सगळ्यावर पाणी ओतेल. नकार आलाच तर महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, मग ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील. त्याचं तेव्हा.

घरातलं असलं काय लिहायचं, असं आई म्हणाली तर तिला हे उत्तर वाचून दाखव.