वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय चेंबरचे वर्षभराचे काम आणि सोलापूरचा माग

या वेळच्या टपालात सोलापूरहून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून इतर प्रश्न पुढे ढकलून ती तिन्ही येथे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. आमची उत्पादकांची संघटना दिल्लीच्या एका राष्ट्रीय चेंबरशी, म्हणजे उद्योग-व्यापाराच्या देशव्यापी संस्थेशी, संलग्न असून त्या चेंबरचा वार्षिक अहवाल संघटनेकडे दर वर्षी येतो. यंदा तो मी प्रथमच चाळला. निम्मी पाने मंत्र्यांबरोबरच्या छायाचित्रांनी भरलेली आणि उरलेल्या पानांवर ‘निवेदन सादर केले’ हेच वाक्य पुन्हा पुन्हा. आमच्या मागाला यातून नेमके काय मिळते? मी स्वतंत्र सभासदत्व घ्यावे काय?

उत्तर : छायाचित्रांची पाने उलटून टाकलीत तर फार काही गमावणार नाही. मात्र ‘निवेदन सादर केले’ या कंटाळवाण्या वाक्यामागे जे काम असते, तेच अशा संस्थेचे मुख्य काम आहे, आणि ते कसे चालते हे कळल्याशिवाय अहवाल वाचण्यात अर्थ नाही.

राष्ट्रीय चेंबरचे वर्ष अर्थसंकल्पाभोवती फिरते. केंद्रीय अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्यासाठी अर्थ मंत्रालय पावसाळा सरता सरताच उद्योग-व्यापाराच्या संघटनांकडून करांविषयी सूचना मागवते, आणि पुढे अर्थमंत्र्यांबरोबर बैठका होतात. चेंबरच्या कर, वस्त्रोद्योग, लघुउद्योग, कामगार अशा विषयांच्या समित्या असतात. त्या आपापल्या सभासदांकडून अडचणी गोळा करतात आणि सचिवालय त्यांची भाषा, कलमे व आकडे नीट करून एक निवेदन तयार करते. अर्थसंकल्प झाला की वित्त विधेयक संमत होईपर्यंत दुरुस्त्यांसाठी पाठपुरावा सुरू राहतो. त्याखेरीज जीएसटी परिषदेच्या बैठका, रिझर्व्ह बँकेचे वर्षातून सहा वेळा येणारे पतधोरण, परकीय व्यापाराचे करार आणि मंत्रालयांनी हरकतींसाठी खुले केलेले मसुदे या सर्वांवर मत कळवायचे असते. यांतील बहुतेक पत्रांना लेखी उत्तर येत नाही. म्हणून ‘निवेदन सादर केले’ आणि ‘मागणी मान्य झाली’ या दोन वाक्यांतील अंतर अहवालात स्पष्ट दाखवले आहे की दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळली आहेत, हे प्रथम पाहावे. संस्थेचा प्रामाणिकपणा तेथे कळतो.

आपल्याच धंद्यातील एक उदाहरण घेऊ. कृत्रिम तंतूवर १८, त्याच्या सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के जीएसटी, अशी उलटी उतरंड अनेक वर्षे होती. कच्च्या मालावर भरलेला कर विक्रीच्या करातून पूर्ण वळता होत नसे आणि परताव्यासाठी खेटे घालावे लागत. ही गाठ सोडवण्यासाठी जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२१ मध्ये कापड आणि कपड्यांवरील दर १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के करण्याचे ठरवले. देशभरातील संघटना, त्यांत यंत्रमागाची लहान केंद्रेही आली, याविरुद्ध उभ्या राहिल्या; अनेक राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी ती बाजू परिषदेत उचलून धरली, आणि दर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, कापडापुरता निर्णय स्थगित झाला. त्याच परिषदेने पादत्राणांवरील वाढ मात्र कायम ठेवली. चप्पल-बूट बनवणाऱ्यांनी निवेदने दिली नव्हती असे नाही. त्यांच्यामागे इतक्या राज्यांचे वजन उभे राहिले नाही. तेव्हा त्या वर्षीच्या एखाद्या अहवालात कापडाच्या स्थगितीचे सारे श्रेय एकाच संस्थेने घेतलेले दिसले, तर ते खुशाल अतिशयोक्ती समजावी.

खरी गंमत पुढे आहे. वरचा दर खाली आणा, खालचा वर नेऊ नका, ही मागणी स्थगितीनंतरही वर्षानुवर्षे चालू राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले तेव्हा कृत्रिम तंतू आणि सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आले, आणि अडीच हजार रुपयांपर्यंतचे कपडे व चादर-टॉवेलसारख्या तयार वस्तूही ५ टक्क्यांत बसल्या. पूर्वी हजार रुपयांवरील चादरीला १२ टक्के लागत. म्हणजे जी गाठ २०२१ मध्ये एका बाजूने ओढली जात होती, ती चार वर्षांनी दुसऱ्या बाजूने सुटली. (अडीच हजारांवरील नग १८ टक्क्यांत गेले, हे विसरू नये, भारी जॅकार्ड चादरींचे संच विकणाऱ्यांना ते जाणवते.) एवढ्यासाठी एकाच वर्षाच्या अहवालावरून चेंबरचे माप काढू नये, तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एकच मागणी पुन्हा येते का, दर वेळी तिच्यासोबत नवा पुरावा येतो का, ते पाहावे.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय चेंबर सर्वांचे असते, आणि त्याच कारणाने काही प्रश्नांवर त्याचा आवाज बसतो. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, त्याच सुमारास केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांची आणि निर्यातदारांची ही जुनी मागणी होती. सूत स्वस्त व्हावे ही तुमचीही इच्छा असणार. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने, माल बाजारात येण्याच्या तोंडावरच परदेशी कापसाला दार उघडले गेले. सूत विकणारा आणि सूत विकत घेणारा मागवाला एकाच चेंबरचे सभासद असतात. धागा आयात करणारा आणि येथे बनवणारा हेही. अशा वेळी निवेदनाची भाषा ‘समतोल धोरण असावे’ अशी गुळमुळीत होते. माझ्या मते हा दोष कोणा पदाधिकाऱ्याचा नसून त्या रचनेतच आहे, आणि म्हणूनच टॉवेलवाल्यांची, चादरवाल्यांची, यंत्रमागधारकांची स्वतंत्र संघटना असणे चैन नाही. सर्वांना सारख्याच भेडसावणाऱ्या प्रश्नांसाठी राष्ट्रीय संस्था, आणि जेथे आपला व मोठ्या गिरणीचा स्वार्थ वेगळा होतो तेथे आपली संघटना, अशी ही वाटणी आहे.

निवेदनांव्यतिरिक्त काही रोखठोक सेवाही असतात. परदेशी खरेदीदार किंवा त्याची बँक ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे माल कोणत्या देशात बनला याचे प्रमाणपत्र, मागते. त्यांपैकी कोणत्याही करसवलतीशी न जोडलेली प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार केंद्राने अनेक चेंबरना दिलेला आहे आणि अर्ज आता ऑनलाइन होतो. व्यापार करारातील सवलत मिळवायची असेल तर मात्र वेगळे प्रमाणपत्र लागते आणि ते त्यासाठी नेमलेल्या यंत्रणेकडूनच घ्यावे लागते. ही गल्लत अनेक जण पहिल्या खेपेला करतात. प्रदर्शनासाठी यंत्र किंवा महाग नमुने परदेशी नेऊन परत आणायचे असतील तर तेथील आयात शुल्क न भरता ते नेता येतील असे ‘एटीए कार्नेट’ हे कागदपत्र भारतात फिक्की हे राष्ट्रीय चेंबर देते. दहा टॉवेलांची पिशवी घेऊन फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला जाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

स्वतंत्र सभासदत्वाविषयी माझे उत्तर सध्या नकारार्थी आहे. तुमची संघटना संलग्न आहे, म्हणजे निवेदनात तुमचा मुद्दा जाण्याची वाट आधीच मोकळी आहे. प्रश्न त्या वाटेने काही पाठवले जाते का, हा आहे. दिल्लीतील वस्त्रोद्योग समितीला टेरी टॉवेलच्या मागाचे वीजबिल, सुताचा दर किलोमागे किती हलला, अमेरिकेच्या किती ऑर्डरी थांबल्या, हे कोणी कळवले नाही तर तिने ते लिहावे कोठून? जर्मनीत बहुतेक सर्व व्यवसायांना स्थानिक चेंबरचे सभासदत्व कायद्यानेच सक्तीचे आहे, त्यामुळे तेथे माहिती आपोआप गोळा होते. आपल्याकडे सभासदत्व ऐच्छिक आहे. जो पाठवतो त्याचेच छापले जाते. संघटनेच्या पुढील सभेत, गेल्या वर्षी आपण दिल्लीला काय लिहून पाठवले त्याची प्रत दाखवा, एवढेच विचारा. प्रत निघाली नाही, तर अहवालात सोलापूर का नाही याचे उत्तर तुम्हाला तेथेच मिळेल.

प्रश्न : शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाच्या महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेत शिकतो. ते मूळ सोलापूरचे, हे माहीत आहे. पण उद्योजकांच्या राष्ट्रीय संघटनेशी त्यांचा संबंध होता काय?

उत्तर : होता, आणि जवळचा होता. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा, सोलापुरातला. भारतात चेंबर होती ती प्रारंभी युरोपीय व्यापाऱ्यांची. मुंबईचे बॉम्बे चेंबर १८३६ पासूनचे, आणि अशा चेंबरांचा अखिल भारतीय संघ १९२० मध्ये झाला, तोच आजचा असोचॅम. भारतीय व्यापाऱ्यांची मुंबईतील संस्था १९०७ ची. देशी उद्योगांचा देशव्यापी महासंघ, म्हणजे फिक्की, घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झाला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता. वालचंद पुढे त्याचे अध्यक्ष झाले. त्याच १९२७ मध्ये त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचा पाया घातला. त्या संस्थेच्या नावात आज उद्योगाबरोबर कृषीही आहे.

संघटनेची गरज त्यांना कशी पटली असेल, याचा अंदाज जहाजांच्या व्यवसायावरून करता येतो. त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्यानंतर ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून या स्पर्धकाला बुडवण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवा ही मागणी एकट्या कंपनीने केली असती तर ती स्वार्थाची ठरली असती. देशातील व्यापाऱ्यांच्या संस्थांनी ती उचलल्यावर तिला धोरणाचे रूप आले. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रश्न : पूर्व भागात माझे शाळेच्या गणवेशांचे शिवणकामाचे युनिट आहे. परराज्यातील एका व्यापाऱ्याकडे सात महिन्यांपासून मोठी रक्कम अडकली आहे. ‘उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) आग्रह धरलात तर पुढच्या हंगामात दुसरीकडून माल घेऊ’ असे तो सांगतो. चेंबर वसुली करून देईल काय?

उत्तर : नाही, ताई. चेंबरला वसुलीचा कोणताही कायदेशीर अधिकार नाही. समोरचाही त्याच संस्थेचा सभासद असेल तर समेटासाठी त्याला बोलावता येते, आणि व्यवहाराच्या करारात लवादाचे कलम असेल तर काही चेंबरशी जोडलेल्या लवाद संस्थांकडे जाता येते. तुमचा व्यवहार, पत्रावरून दिसते तसा, चिठ्ठी आणि फोनवर झालेला आहे. तेव्हा त्या वाटेचा विचार सोडा.

तुमचा आधार २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. लेखी करार नसेल तर सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवण्यासाठी या कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे, करता येते. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, ही मानसिक तयारी ठेवा. निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि याच अटीमुळे अनेक जण त्याआधीच तडजोडीला येतात. हे संरक्षण उत्पादकाला आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही; तुम्ही शिवता, म्हणून तुम्ही त्यात बसता. माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी झालेली असणे इष्ट, कारण नंतर केलेल्या नोंदणीवरून कोर्टात वाद झाले आहेत. नोंदणी विनामूल्य आहे, तेव्हा त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

व्यापारी तुम्हाला धमकी का देतो, याचेही कारण कायद्यातच आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली, आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, की या मुदतीत पैसे न दिल्यास ती खरेदी त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. ही तरतूद पुढे ढकला असे म्हणणाऱ्या व्यापारी संघटना होत्या आणि राहू द्या असे म्हणणारे लघुउत्पादकही होते. पहिल्या उत्तरात म्हटलेली अडचण ती हीच. सरकारने ती मागे घेतली नाही.

तेव्हा प्रथम बिले, वाहतुकीच्या पावत्या, माल पोचल्याचे संदेश आणि उद्यम प्रमाणपत्र एकत्र करा. व्याजाच्या आकड्यासह एक साधी लेखी मागणी नोंदणीकृत टपालाने पाठवून १५ दिवस थांबा आणि मग तक्रार दाखल करा. अशीच थकबाकी असलेल्या गणवेश उत्पादकांची नावे व रकमा तुमच्या संघटनेला एका तक्त्यात द्या. मुदतीची ही तरतूद पुन्हा चर्चेला आली, तर निवेदनात जोडायला तो तक्ता उपयोगी पडेल. पुढच्या हंगामाची ऑर्डर मात्र अर्धी रक्कम आगाऊ आल्याशिवाय कापायला घेऊ नका.