घोडीच्या मानेवर नंबर घालावा का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचं गाव निपाणी तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. दारात घोडागाडी शर्यतीची कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची, घोडी आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात रात्रीत दावं कापून एक घोडी नेली, अजून पत्ता नाही. परदेशात गोठवून अंगावर नंबर उमटवतात, असं पोरानं मोबाईलवर दाखवलं. त्यानं चोरी टळते का? घोडीला त्रास किती? (एक वाचक, ता. निपाणी)

उत्तर : नंबर घालून घ्या, असंच मी सांगेन. मात्र तो नंबर ओळखणारं कुणी असेल तरच चोर त्याला भितो, आणि आपल्या भागात खरी उणीव तिथंच आहे.

आधी त्रासाचं बोलू. ही पद्धत 1966 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे डॉ. कीथ फॅरेल यांनी पुढं आणली. तापल्या लोखंडाचा डाग कातडी जाळतो. इथं तांब्याचा किंवा पितळेचा ठसा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. त्या गारठ्यानं केसाला रंग देणाऱ्या पेशी मरतात, केसाचं मूळ जगतं, म्हणून पुढं येणारा केस पांढरा येतो. साज घासून घोड्याच्या पाठीवर पांढरे केस आलेले तुम्ही पाहिलेच असतील, प्रकार तोच.

केस मशिननं बारीक कापायचे, जागा स्पिरिटनं पुसायची. ठसा नायट्रोजनमध्ये घातला की उकळी फुटते, ती शांत झाल्यावरच तो टेकवायचा. गडद रंगाच्या घोड्याला साधारण 8 ते 15 सेकंद. उचलल्यावर आकडा कातडीत रुतल्यासारखा कडक दिसतो, थोड्या वेळानं तोच सुजून वर येतो. नंतर खपली धरते, केस गळतात आणि दोन-तीन महिन्यांत पांढरा आकडा उगवतो. तापल्या डागापेक्षा वेदना बऱ्याच कमी, पण मुळीच होत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शर्यत तोंडावर असताना तर नकोच.

नायट्रोजन मिळणं अवघड नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरात ठेवतात, त्यात तोच असतो. अवघड आहे ते ठसे आणि हात बसलेला पशुवैद्य मिळणं. म्हणून कंटेनर हाताशी आहे एवढ्यावर गोठ्यात प्रयोग करू नका, काही सेकंद जास्त झाले तर केसाचं मूळच मरून टक्कल पडतं. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही डाग द्यायला नेमून दिलेल्या रीतीनंच मुभा देतो, तेव्हा डॉक्टरांच्या सहीचा कागद जपून ठेवा.

आयाळ ज्या बाजूला पडत नाही, त्या बाजूला मानेच्या वरच्या अंगाला नंबर घ्या. पाठीवर तो साजाखाली झाकला जाईल आणि घासल्याच्या पांढऱ्या केसांत मिसळेल. नावाची अक्षरं नकोत, इंग्रजी आकडे घाला. कोगनोळी नाक्यावरच्या कन्नड शिपायाला आणि कागलच्या मराठी शिपायाला ते सारखेच वाचता आले पाहिजेत. टेम्पोत घातलेलं जनावर रातोरात दुसऱ्या राज्यात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता चोराचं. त्याला घोडी लवकर विकून मोकळं व्हायचं असतं. लांबून दिसणारा नंबर त्याला नडतो, कारण गिऱ्हाईक चौकशी करतं. ब्रिटनमध्ये असे नंबर नोंदवलेले असतात, नंबरावरून मालक सापडतो. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानातल्या बिल्ल्याला बारा आकडी नोंद आहे. पण तुमच्या घोडीच्या मानेवरचा आकडा कुठं शोधायचा, हे अकलूजच्या बाजारातल्या माणसाला कसं कळणार? म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या शर्यत कमिट्यांनी मिळून एक सामाईक वही करावी. घोड्याचा नंबर, रंग, अंगावरचे केसांचे भोवरे, मालकाचा फोन. वहीत नाव नसलेलं घोडं शर्यतीत उतरवायचं नाही. चोरीची शर्यतीची घोडी शेवटी शर्यतवाल्यालाच विकली जाणार ना? तिथंच वाट अडवली पाहिजे.

नंबरासोबत चिपही बसवा. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप मानेत डाव्या बाजूला सुईनं सोडतात, रीडर फिरवला की 15 आकडे दिसतात. ती घोडी कुठं आहे हे सांगत नाही, तसं कुणी सांगून विकत असेल तर पैसे देऊ नका. पण चोरानं पांढऱ्या केसांना कलप लावला, 3 चा 8 केला, तरी चिप तशीच राहते. आणि काहीच जमलं नाही तरी आज संध्याकाळी एवढं कराच : चारही बाजूंनी उजेडात फोटो, कपाळाचा टिळा आणि मानेवरचे भोवरे जवळून. खरेदीच्या वेळी शुभ-अशुभ म्हणून आपण भोवरे बघतोच, ओळख पटवायलाही ते पक्के. जन्मापासून असतात, कलपानं जात नाहीत.

शेजाऱ्यांना एक सांगा. घोडी मिरजेकडं दिसली आणि तिथलं ठाणं ‘हद्द आमची नाही’ म्हणालं, तर परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असला तरी फिर्याद नोंदवून घ्यावी लागते.

प्रश्न : आमचा वरातीचा नुकरा घोडा आहे. पांढऱ्यावर पांढरा नंबर दिसेल का? (एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : नाही दिसणार. पांढऱ्या केसांच्या घोड्याला ठसा जास्त वेळ धरून केस कायमचे घालवतात, म्हणजे उघड्या कातडीचा आकडा दिसतो. सब्ज्याची, म्हणजे राखाडी-पांढऱ्या घोड्याची, कातडी काळी असते, त्याच्यावर तो चांगला उठतो. नुकऱ्याची कातडी गुलाबी, तिथं फार काही दिसत नाही आणि जनावराला त्रास मात्र जास्त. तुम्ही चिप बसवा, भोवऱ्यांचे फोटो काढा, आणि लग्नसराईत घोडा दुसऱ्याच्या हाती देताना त्या माणसाच्या आधार कार्डाची झेरॉक्स घ्या.