‘ऊती जुळणी’ की ‘ऊतिगट तपासणी’?

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या माहितीपत्रकाचे मराठी करताना ‘एचएलए टायपिंग’ला (एचएलए म्हणजे ‘ह्यूमन ल्युकोसाइट अँटिजेन’, पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिने) ‘ऊती जुळणी’ म्हणावे का? बातम्यांत तसेच छापून येते.

म्हणू नये. टायपिंग एकट्या माणसाचे होते, जुळणीला दोघे लागतात. पत्रिका मांडणे वेगळे आणि ती जुळवणे वेगळे. शिवाय आपल्याकडे गोव्यात त्यानंतर देवाला प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या लावून कोणत्या बाजूची पडते त्यावरून कौल घेतात, ती तिसरीच गोष्ट. इथेही पायऱ्या तीनच आहेत: टायपिंग (एका माणसाचा गट काढणे), मॅचिंग (दोघांचे गट ताडून पाहणे) आणि क्रॉसमॅच (रुग्णाचे सीरम दात्याच्या पेशींवर घालून पाहणे; सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव). तिघींना ‘जुळणी’ म्हटले तर रुग्णाच्या घरचे विचारणारच, ‘मागच्या महिन्यात जुळले होते, आता पुन्हा कसली जुळणी?’

टायपिंगला ‘ऊतिगट तपासणी’ म्हणावे. ‘रक्तगट’ घरोघरी माहीत आहे आणि ‘ऊती संवर्धित’ केळीमुळे ‘ऊती’ही ओळखीची आहे. समासात ‘ति’ ऱ्हस्व, ‘कविसंमेलना’तल्या ‘वि’सारखा. मॅचिंगला ‘जुळणी’ खुशाल ठेवा. क्रॉसमॅच मात्र ‘क्रॉसमॅच’च राहू दे, वॉर्डात तेच ऐकू येते.

घोळ होतो त्याला प्रयोगशाळेतही कारण आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ पॉल टेरासाकी यांनी 1964 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत छोट्या तबकाच्या खळग्यांत प्रतिपिंड (अँटिबॉडी) माहीत असलेले सीरम 1 मायक्रोलीटर आणि तपासायच्या लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 1 मायक्रोलीटर घालतात. अर्ध्या तासाने सशाचे कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंड चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिने) 5 मायक्रोलीटर घालून तासभर ठेवतात, मग इओसिन या रंगाने रंगवतात. मेलेल्या पेशी रंग घेतात, जिवंत चकाकत राहतात. हे टायपिंग. त्याच तबकात रुग्णाचे सीरम आणि दात्याच्या पेशी घातल्या की तो क्रॉसमॅच. हा कौल पाकळी कोणत्या बाजूने पडली यावर नसतो, पेशी मेल्या का यावर असतो. मेल्या, तर रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार आहेत असा संशय येतो, मग जुळणी कितीही चांगली असो. पेशी जिवंतच हव्यात. नमुना गोव्याबाहेर पाठवताना वाटेत उशीर झाला तर पेशी आधीच मरतात आणि सगळेच खळगे खोटे ‘पॉझिटिव्ह’ दिसतात; सीरमविरहित किंवा निष्क्रिय सीरमाचा तुलनेचा खळगा हे पकडतो.

आता टायपिंग बहुधा डीएनएवरून होते, त्यामुळे जिवंत पेशींची अट गेली. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावे. दुसऱ्या नळ्यांतले हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, रोखते. पीसीआरच्या एसएसपी पद्धतीत प्रत्येक प्रायमरजोडी (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे) ठरावीक अलीलवरच, म्हणजे जनुकाच्या ठरावीक रूपावरच चालते. सोबत नियंत्रणाचा पट्टा असतो, तो एरवी उमटायलाच हवा. तोही उमटला नाही तर त्या नळीचा निकाल ‘निगेटिव्ह’ नव्हे, बाद. दोनपैकी एक अलील वाढलाच नाही तर माणूस त्या जनुकाला एकजिनसी (दोन्ही अलील सारखे असलेला) भासतो. अशा वेळी आईवडिलांचे निकाल पाहावेत, किंवा दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याच्या पेशी असतात, म्हणून त्याचा मूळ ऊतिगट गालाच्या आतल्या स्वॅबवरून काढतात. मजा म्हणजे नावात ‘ल्युकोसाइट’ असले तरी यातले अनेक प्रतिजन (अँटिजेन) केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशींवर असतात. पांढऱ्या पेशींवर आधी सापडले म्हणून नाव चिकटले.

आता छपाईकडे. ‘एचएलए-ए*02:01’ मधले 02 हा अलीलचा गट, 01 हे विशिष्ट प्रथिन. ताराचिन्ह सांगते की निकाल डीएनएवरून आहे. सीरमवरून काढलेला निकाल नुसता ‘ए2’ असा लिहितात. अपूर्णविराम 2010 मध्ये आला. त्याआधी ‘0201’ असे सलग लिहीत आणि काही गटांत दोन अंकी क्रमांक 99 वर संपले. त्यामुळे ‘2.01’ छापू नका, ‘दोन वाजून एक मिनिट’ही वाचू नका. एक्सेलमध्ये नुसते 02:01 टाकले तर ती वेळच समजते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. शेवटी एन हे अक्षर दिसले तर ते गाळू नका: त्या अलीलचे प्रथिन पेशीवर येतच नाही.

‘हाय रिझोल्यूशन’ला शब्द शोधण्यापेक्षा ‘प्रथिनाच्या पातळीपर्यंत’ असे लिहावे. नात्याबाहेरच्या अस्थिमज्जादात्यासाठी ती पातळी लागते. मूत्रपिंडासाठी अनेकदा गटापर्यंतच्या निकालावर ए, बी, डीआर या तीन जनुकांचे प्रत्येकी दोन, अशा सहापैकी किती जुळले ते मोजतात. हे मोजणे तेवढे ‘जुळणी’.