नाशिकहून समुद्राकाठचे पक्षी बघायला एका दिवसात जाऊन येता येतं का? कुठे आणि कधी जावं?

येतं. पण "कधी"चं उत्तर तुम्ही महिन्यात मागताय आणि ते तिथीत आहे. नोव्हेंबर ते मार्च हे कोणीही सांगेल. त्यातला कुठलाही सोयीचा शनिवार उचलून निघालात तर अडीचशे किलोमीटर जाऊन कावळे आणि बगळे बघून याल, हे मात्र कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या लोकांना पक्षी बघायची सवय नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर लागलेली असते. अंधारात निघायचं, उजाडता उजाडता चापडगावला पोचायचं, मनोऱ्यावर चढायचं, नऊ-साडेनऊला आटपायचं आणि येताना मिसळ. तिथे ते बरोबरच आहे. गोदावरी-कादवाचं पाणी बंधाऱ्यामागे अडलेलं. सकाळी जिथे असतं तिथेच दुपारी. म्हणून तिथली वेळ सूर्य ठरवतो. समुद्रावर ती पाणी ठरवतं. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या ओळखीतल्या भल्याभल्यांच्या गळी उतरत नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून मला तोच वाद आठवला.

ओळखीच्या एका ग्रुपने अलिबागजवळच्या अक्षीची सहल काढली होती. बस रात्री साडेअकराला नाशिकहून, पहाटे सव्वासहाला किनाऱ्यावर. तिथी पंचमी. मी आधीच कळवलं होतं की पंचमीला जाऊ नका, जायचंच तर दुपारी दोनला किनाऱ्यावर असा. उत्तर आलं, "पक्षी काय पंचांग बघतात का?" आता त्या दिवशी पाण्याने काय केलं बघा. पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण झाली होती. बस पोचली तेव्हा ओहोटी लागून अडीच तास झालेले. अक्षीचा किनारा इतका सपाट आहे की पाणी जरा उतरलं तरी काठ शेकडो पावलं आत सरकतो. आठपर्यंत सगळे पक्षी त्या ओल्या पट्ट्यावर चरायला पांगले. दुर्बिणीत मोहरीचे दाणे दिसावेत तसे. मग तीस माणसं ओळीने त्यांच्या मागे चालत गेली, थवा उठून आणखी पुढे बसला, पुन्हा माणसं चालली, पुन्हा थवा उठला. असं तीनदा झालं. दहाला, म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यावर, मंडळी कंटाळून नाश्त्याला. नंतर कुलाबा किल्ला, आणि तो मात्र कोरड्या पायांनी चालत, कारण सुकती होती! दीडनंतर पाणी चढून पक्ष्यांना काठाकडे लोटायला लागलं, तेव्हा बस पेणला पापड घ्यायला थांबलेली. परतल्यावर निष्कर्ष काय, तर "अक्षीला आता पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत."

पक्षी होते. चिखल्या, तुतार, गॉडविट, कोरल हे सगळे काठाकाठाने चरणारे पक्षी. ओहोटीत उघड्या पडलेल्या ओल्या वाळूतले किडे, शिंपले, खेकडे हे त्यांचं ताट. ताट मोठं असतं तेव्हा ते पांगतात. पाणी चढायला लागलं की ताट आकसतं आणि हजारभर पक्षी तुमच्याकडे सरकत येतात. तुम्ही एका जागी बसून राहायचं, चालायचं काम पाण्यावर सोडायचं. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या अडीच-तीन तास आधी जागेवर हवं. भरती भरली की उरलेल्या कोरड्या वाळूवर सगळे एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून विश्रांती घेतात. मोजायला आणि वेगळे ओळखायला तो तास सगळ्यात चांगला.

भरती किती वाजता पूर्ण होते ते काढायला ॲप लागत नाही. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दिवसातून दोनदा भरती, मधे साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे जाते. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, तेव्हा दिवस कालनिर्णयातल्या तिथीवरून धरा आणि निघायच्या आधी मुंबईच्या भरतीचं कोष्टक बघून वेळ पक्की करा. कोष्टकात उंचीही असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण मुंबईत साडेचार मीटरच्या घरात जातं. अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीत, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे पक्षी फारसे जवळ येत नाहीत.

यावर प्रकाशाची भानगड. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य सुरूच्या बनामागे, म्हणजे तुमच्या पाठीशी. पक्ष्याच्या पायाचा रंगसुद्धा दिसतो. दुपारी तीननंतर सूर्य समोर, आणि सगळे पक्षी काळे. सूर्यास्त बघायला जाणारे आणि पक्षी बघायला जाणारे एकाच वेळी किनाऱ्यावर असतील तर दोघांपैकी एकजण चुकलाय. म्हणजे अक्षीसाठी सकाळची भरती हवी, आठ ते अकराच्या मधली. तिथी एकादशी ते पौर्णिमा किंवा एकादशी ते अमावास्या. शनिवार-रविवारशी जुळवायला गेलात तर महिन्यात अशी एखाद-दुसरीच जोडी सापडते. ती आधी शोधा, रजा नंतर टाका.

ओळखायला अवघड वाटतात म्हणून लोक "सगळे सारखेच" म्हणून सोडून देतात. रंग बघू नका, हिवाळ्यात सगळेच मातकट असतात. चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो नजरेने शिकार करतो. तुतार थांबतच नाही. तो चोचीच्या टोकाने चाचपतो, त्यामुळे मान सतत खालीवर, शिलाई मशीनच्या सुईसारखी. लाटेच्या अगदी कडेने, लाट आली की मागे आणि गेली की पुढे असा पळत राहणारा पांढुरका छोटा तो सँडरलिंग. काळापांढरा, गाजरासारखी लालभडक चोच तो ऑयस्टरकॅचर, त्याला पुस्तक लागत नाही. मार्चअखेरीस गेलात तर छोट्या चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढलेला दिसेल, परतीच्या वाटेचे कपडे. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) बहुधा एकाच थव्यात बसतात. त्यांच्यासाठी ट्रायपॉडवरचा स्कोप लागतो, २० ते ६० झूमचा पुरतो. साडेदहा-अकरानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरायला लागते, मग झूम वाढवून काही मिळत नाही, पंचविसावर ठेवा. साधी दुर्बीण ८×४२. बारापटीची हातात धरून समुद्राच्या वाऱ्यात स्थिर राहत नाही, कोणी कितीही पैज लावो.

चालायची रीत: थव्याच्या दिशेने सरळ कधीही नाही. तिरकं, वीसेक पावलं, मग खाली बसायचं, पाच मिनिटं थांबायचं. पक्षी चरायचं थांबवून माना वर करायला लागले की तुम्ही जास्त जवळ गेलात. दहा पावलं मागे या. उडताना फोटो छान येतो म्हणून थवा उठवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही, कारण बोललो तर उत्तर उडवलं जाईल. हे पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात आणि तुम्ही ती त्यांना एका फोटोसाठी जाळायला लावता, इतकंच.

पायात पट्ट्याचे सँडल. चप्पल खाडीच्या तोंडाशी चिखलात राहते आणि बूट भिजले की दिवसभर चिखल ओढत फिरता. अक्षीची वाळू घट्ट आहे, पण साखरखाडीच्या बाजूला पाय घोट्यापर्यंत गेला की तिथूनच मागे फिरा. चढत्या पाण्यात मागची बाजूही बघत राहा. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येण्याआधी मागच्या सखल पट्ट्यात भरतं आणि तुम्ही बेटावर उभे असता. घरी आल्यावर दुर्बीण कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं कापड आधी.

आता "एका दिवसात". अक्षी एका दिवसात करू नका. सकाळची भरती गाठायची तर रात्री साडेबाराला निघावं लागतं, कसारा घाटात ट्रक आणि थंडीत धुकं, आणि पेंगुळलेला ड्रायव्हर. आदल्या दुपारी निघून मुक्काम करा. संध्याकाळी वेळ उरला तर गावातला शिलालेख बघा, शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक.

खरोखर एकाच दिवसात परतायचं असेल तर ठाणे खाडी. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याकडे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली. तिथल्या वनखात्याच्या केंद्रातून बोट सुटते आणि तिची वेळ भरतीवर ठरते, रोज वेगळी. म्हणून आधी वेळ विचारा, मग जागा राखा, मग रेल्वेचं तिकीट. बहुतेक लोक उलट्या क्रमाने करतात. भरती पूर्ण असतानाची फेरी मिळत असेल तर तिच्या आधीची किंवा नंतरची मागा. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि मोठ्या उधाणात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उठून नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन बसतात. खाडीच्या आत भरती मुंबईपेक्षा थोडी उशिरा पोचते, तेही धरा. छोटा रोहित कोणता आणि मोठा कोणता हे चोचीवरून: गडद लाल, जवळजवळ काळपट चोच तो छोटा, फिकट गुलाबी आणि टोकाला काळी तो मोठा. फक्त रोहितच बघायचे असतील तर नोव्हेंबरची घाई नको, फेब्रुवारी ते एप्रिल जास्त भरवशाचा.

थोडं राहिलं: हे सगळे हिशोब मुंबई-अलिबागच्या पट्ट्याचे आहेत, गुजरातच्या आखातात लावू नका. क्षयतिथी आणि वृद्धितिथीला हिशोब आणखी घसरतो. लहान मुलं असतील तर तीन तास एका जागी बसणं जमणार नाही, त्यांना नांदूरलाच न्या, तिथे पाणी कुठे पळत नाही.

आणि ती पंचमी वाया जायलाच हवी होती असंही नाही. शिवडीची खाडी पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य दुपारनंतर पाठीशी येतो, आणि पंचमीला दुपारची भरती चारच्या पुढे. नाशिकहून सकाळी सातला आरामात चहा घेऊन निघालेली बस दीड वाजता तिथे असती. रस्ता बंदराच्या हद्दीतून जातो, त्यामुळे जेट्टीपर्यंत सोडतात का हे त्या आठवड्यात विचारून घ्यावं लागतं. पंचांग मात्र तेच, तिथीही तीच.