सूत्रे पाठ असूनही अकरावीच्या मुलीला मोलची (म्हणजे पदार्थातील कण मोजण्याच्या एककाची) उदाहरणे का सुटत नाहीत?

येथे नागपुरात अकरावीच्या मुलांना शिकवताना मला दिसते की ही अडचण बहुधा रसायनशास्त्राची नसून, खालच्या इयत्तांत कच्च्या राहिलेल्या गुणोत्तर-प्रमाणाची असते. म्हणून तिला कृपया 'ढ' समजू नका. घरच्या काट्यावर १८ ग्रॅम पाणी आणि ५८.५ ग्रॅम मीठ तिच्याकडूनच मोजून घ्या. पाणी वाटीच्या तळाशीच राहते, मिठाचा मात्र ढीग होतो, तरीही दोन्ही एकेक मोलच: पाण्याचे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू आणि सोडियम-क्लोराइड आयनांच्या तितक्याच जोड्या. लहान-मोठ्या संत्र्यांच्या डझनांचे वजन वेगळे भरते, नग बाराच, तसेच हे. मग ३६ ग्रॅम पाण्यात किती मोल, हे ती सूत्राशिवाय सांगेल. मोलॅरिटी, म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत ते, त्यानंतरच घ्यावी.